पिवळी राहिलेली नळी

“आणि हे तू बघणार? सोत्ता?”

हौसामावशींनी प्लास्टिकची डबी पदराखाली धरली होती आणि ती माझ्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. सकाळचे सात वाजले होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या कट्ट्याजवळ त्यांच्या हाताखालच्या दोघी, शेवंता आणि बायनाबाई, आपापल्या डब्या माझ्या पिशवीत टाकून तोंडाला पदर लावून हसत उभ्या होत्या.

“मीच बघणार,” मी म्हणाले. “माझं कामच आहे ते.”

“सोळा बुकं शिकलीस ती ह्यापायी?”

“सतरा.”

“आईला ठावं हाय का तुझ्या?”

“मावशी, द्या ना. मला उशीर होतोय.”

“घे बाई. पर माझं बघशील तवा नाक दाबून बघ. आन् सांजच्याला ताटावर बसशील तवा आठवू नगंस. न्हाईतर म्हनशील, ह्या बाईच्या हातचं कशाला खाऊ.”

तिघी जोरात हसल्या. मीही हसले.

ही एकोणीसशे एक्क्याण्णवच्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. मी जिल्ह्याच्या गावातल्या एका प्रयोगशाळेत जंतुशास्त्राची कामं करायला लागून सात महिने झाले होते. नेमणूक तात्पुरती होती, कायम होण्याचा हुकूम महिनाअखेरीला यायचा होता. राहायला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर नोकरी करणाऱ्यांसाठी चार खोल्या होत्या. हौसामावशी तिथे एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायच्या.

तीन आठवड्यांत वसतिगृहातल्या चार मुलींना टायफॉइड झाला होता. तिघी घरी जाऊन बऱ्या होत होत्या. चौथी, डी.एड.च्या पहिल्या वर्षाची रेवती शेडगे, दवाखान्यात होती आणि तिचा ताप उतरत नव्हता. मावशी रोज दुपारी कुणाच्या तरी सायकलवरून तिला पातळ पेज पाठवत. संध्याकाळी मी परतले की पहिला प्रश्न तोच, “रेवाचं काय कळलं?”

टायफॉइड झालेल्या काही माणसांच्या अंगात बरे झाल्यावरही जंतू राहून जातात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या हातून ते दुसऱ्याकडे जातात. म्हणून ट्रस्टने स्वयंपाकघरातल्या तिघींची तपासणी करायचं ठरवलं, आणि त्या गुरुवारी सकाळी डब्या माझ्याकडे आल्या.

*

सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातले बहुतेक जंतू सारखेच दिसतात, लाल, आखूड काड्या. त्यांना ओळखायचं तर निरनिराळ्या गोष्टी खायला घालायच्या आणि त्यांचं ते काय करतात हे पाहायचं. कुणी साखर आंबवतो, कुणी नाही. कुणी माध्यम काळं करतो. शेवटी हे सगळे होकार-नकार जुळवून नाव ठरतं.

शुक्रवारी सकाळी शेवंता आणि बायनाबाई यांच्या प्लेटवर नेहमीचे जंतू होते. मावशींच्या प्लेटवर मधोमध काळा ठिपका असलेल्या, रंगहीन वसाहती, म्हणजे जंतूंचे पुंजके होते. टायफॉइडच्या घराण्यातले जंतू असे दिसतात. प्रोटियस नावाचा आणखी एक जंतूही असाच दिसतो. तो चांगल्या निरोगी माणसाच्या पोटात असतो आणि बऱ्याच तपासण्यांत टायफॉइडवाल्यासारखाच वागतो. दोघांना वेगळं करणारी सगळ्यात सोपी तपासणी युरियाची. प्रोटियस युरिया फोडतो आणि नळीतलं पिवळसर माध्यम काही तासांत गडद गुलाबी होतं. टायफॉइडवाला युरियाला शिवत नाही, नळी पिवळीच राहते.

युरियाच्या नळ्या संपल्या होत्या. नवीन कराव्या लागणार होत्या.

हे काम एरवी आमचे तंत्रज्ञ मुलाणी करत. वीस वर्षांचा हात. ते पुतणीच्या लग्नासाठी सोमवारपर्यंत रजेवर होते. मी कृती वाचून माध्यम शिजवलं, निर्जंतुक केलं, चंबू गार व्हायला ठेवला. युरिया मात्र उष्णतेने मोडतो, म्हणून तो माध्यमाबरोबर शिजवत नाहीत. त्याचं गाळून घेतलेलं द्रावण फ्रिजमध्ये वेगळ्या बाटलीत असतं आणि चंबू हाताला सोसेल इतका कोमट झाला की त्यात घालतात.

चंबू कोमट होत असताना खानविलकर सरांचा निरोप आला. ते आमचे प्रमुख. बुधवारी संचालक भेट द्यायला येणार होते, त्यांच्यासाठीच्या तक्त्यातली एक बेरीज चुकली होती. मी गेले, बेरीज दुरुस्त केली. परत आले तेव्हा चंबूच्या कडेने माध्यम घट्ट व्हायला लागलं होतं. मी घाईघाईने ते नळ्यांत ओतलं, नळ्या तिरक्या ठेवल्या.

प्रत्येक नव्या घाण्यातल्या दोन नळ्यांत आधी ओळखीचे जंतू लावून पाहायचे, असा नियम आहे. एकीत प्रोटियस, ती गुलाबी व्हायलाच हवी. दुसरीत असा जंतू की ती पिवळी राहावी. ह्यांना कंट्रोल म्हणतात. नोंदवहीत त्यासाठी दोन रकाने आहेत. त्यात दिवस मोडतो. दवाखान्यातली मुलगी तापत होती, ट्रस्टचे दोन फोन येऊन गेले होते. मी संध्याकाळी मावशींचा जंतू सरळ नव्या नळीत लावला.

शनिवारी सकाळी नळी पिवळी होती.

नोंदवहीतल्या त्या दोन रकान्यांत मी ‘योग्य’ आणि ‘योग्य’ असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

जंतू माध्यम काळं करतो का ते पाहण्यासाठी वेगळी नळी लावली होती, तिच्यातला काळा रंग पाहून खानविलकर सरांनी भुवया उंचावल्या.

“हा फार काळा आहे. टायफॉइडला एवढा येत नाही. बारीक मिशीसारखी रेघ येते.”

“त्याच घराण्यातला दुसरा असेल का, सर?”

“असू शकेल. युरिया?”

“निगेटिव्ह.”

“कंट्रोल लावले होते?”

“हो सर.”

खात्रीसाठी लागणारा रक्तद्रव आमच्याकडे संपला होता. सरांनी नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगितला आणि अहवालात लिहिलं, ‘टायफॉइड वर्गातील जंतू असण्याचा संभव. अंतिम निर्णयापर्यंत सदर व्यक्तीस स्वयंपाकापासून दूर ठेवावे, औषधोपचार करावा.’ अहवाल घ्यायला ट्रस्टचा माणूस बाहेर बाकावर बसलेलाच होता.

*

संध्याकाळी रेक्टर घाणेकरबाईंनी मला खाली बोलावलं. त्यांच्या टेबलासमोर हौसामावशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती.

“सुनेत्रा, ह्यांना तूच समजावून सांग. मी तासभर सांगतेय.”

“मला कवाच ताप आला न्हाई,” मावशी म्हणाल्या. “लहानपणी आला आसंल तर देव जाणं. मी धडधाकट बाई. मला कुठनं आला ह्यो रोग?”

“तुम्हाला रोग नाही, मावशी. नुसते जंतू आहेत. तुम्हाला त्यांचा त्रास होत नाही.”

“मग?”

“दुसऱ्याला होतो.”

“चूक झाली आसंल कुनाची तरी. डब्या बदलल्या आसतील.”

“डब्यांवर नावं होती. मी स्वतः लिहिली होती.”

“तूच बघितलंस?”

“हो.”

“दुसऱ्या कुनी न्हाई?”

“मीच बघितलं, मावशी.”

“मग आसंल,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तू बघितलंस म्हंजे खरंच आसंल.”

घाणेकरबाई म्हणाल्या, “आत्तापासून आत जायचं नाही, हौसाबाई. पाण्यालासुद्धा हात लावायचा नाही. पुढचं ट्रस्टी ठरवतील.”

रविवारचं दोन्ही वेळचं जेवण बायनाबाईने केलं. मावशी खोलीच्या दाराआड बसून होत्या. सोमवारी पहाटे रेवती गेली. आतडं फुटलं होतं. दुपारी तिचे वडील ट्रंक घ्यायला आले, तेव्हा वसतिगृहातल्या झाडून साऱ्या मुली पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांतलीच एक मोठ्याने म्हणाली, “त्या बाईला अजून ठेवलंय कशाला?” मावशींच्या खोलीचं दार तिथून दहा पावलांवर होतं. संध्याकाळी ट्रस्टींनी निर्णय घेतला. मंगळवारी खोली मोकळी करायची.

खानविलकर सरांना कळलं तेव्हा ते चिडले. “काढून टाका असं मी कुठं लिहिलंय? औषध द्या म्हटलंय.” पण त्यांनी फोन केला नाही, आणि मीही त्यांना करा म्हणाले नाही.

*

मंगळवारी सकाळी मुलाणी कामावर आले. डब्यातून लग्नाचे लाडू आणले होते.

“मालशे मॅडम, दोन घ्या. लग्नाचा लाडू एकच घेत नाहीत.” मग ते फ्रिज उघडून वाकले. थोड्या वेळाने आतूनच म्हणाले, “युरियाच्या नळ्या केल्यात वाटतं तुम्ही?”

“हो. शुक्रवारी.”

“पण मी गाळून ठेवलेली बाटली तशीच आहे. सीलसुद्धा मोडलेलं नाही.”

मी लाडू कागदावर ठेवला.

“दुसरी होती,” मी म्हणाले. “जुनी. मागे होती.”

मुलाणींनी फ्रिज बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “असेल,” म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यांनी सकाळीच नवा घाणा केला, न सांगता. साडेअकराला मी त्यातल्या एका नळीत मावशींचा जंतू लावला आणि उबवणपेटीत ठेवली. दीड वाजता पाहिलं तेव्हा वरच्या कडेला फिकट छटा होती. तीन वाजता नळी वरपासून खालपर्यंत गुलाबी होती. शनिवारची पिवळी नळी मी शेजारी धरली. तिच्यात युरिया नव्हताच. त्या नळीत काहीही लावलं असतं तरी ती पिवळीच राहिली असती.

मी दोन्ही नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या आणि सरांच्या केबिनपर्यंत गेले. आत ते उद्याच्या भेटीची तयारी करत होते, टेबलभर कागद होते. माझ्या कायमच्या हुकुमाची शिफारस त्यांच्याच सहीने जायची होती.

“काय गं?”

“सर, युरियाचा नवा घाणा झालाय. कंट्रोल बरोबर आलेत.”

“छान. उद्या त्या नळ्या मांडून ठेव संचालकांसाठी. रंग बरा दिसतो.”

“हो सर.”

केबिनबाहेर आल्यावर मी स्वतःला समजावलं की नमुना वर पाठवलेलाच आहे. खरं आपोआप बाहेर येईल. घाई करून गोंधळ वाढेल. मावशींना परत बोलावता येईल. हे सगळं मी पायऱ्या उतरेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

त्यांची एसटी पाचची होती. मी स्टँडवर गेले. का गेले ते आजही नीट सांगता येणार नाही. मावशी फलाटावर एका पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. सोबत कुणी नव्हतं. मला बघून त्या सरकल्या आणि पेटीवर जागा करता करता थांबल्या.

“नगं. लांबच बस, पोरी.”

मी उभीच राहिले. “कुठे जाणार?”

“गव्हाणवाडीला. भावाकडं.” त्यांनी पेटीची कडी चाचपली. “एक इचारू?”

“विचारा.”

“रेवा जूनपास्नं माझ्या हातचं जेवत व्हती. दुखण्यात पेज बी माझ्याच हातची. माझ्या हातानंच झालं का गं ते?”

मला दोन शब्द बोलायचे होते. तीन वाजल्यापासून ते माझ्याकडे होते.

“तसं नक्की सांगता येत नाही, मावशी,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. गाडी लागली. पेटी वर चढवायला मी हात लावला तर त्यांनी तो बाजूला केला. “तुला लागंल कायतरी,” म्हणाल्या.

*

सप्टेंबरअखेर वरच्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. प्रोटियस. त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या माणसांना वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीजवळ सांडपाण्याचा फुटलेला नळ सापडला होता. मुलींचा टायफॉइड पाण्यातून आला होता.

“प्रोटियस?” खानविलकर सर कागद उलटसुलट करत म्हणाले. “आपल्याकडे तर युरिया निगेटिव्ह आला होता.”

“हो सर.”

“येतात असे एखादेवेळी. विचित्र वागणारे.”

मी मान हलवली. एव्हाना मी कायम झाले होते.

पत्र मीच वसतिगृहात नेऊन दिलं. घाणेकरबाईंनी ते वाचलं, भोक पाडलं आणि फायलीत लावलं. “बरं झालं, कळलं. पण आता नवी बाई ठेवली गं आम्ही. आणि हौसाबाईंचा पत्ता कुठाय आपल्याकडे?”

पत्ता माझ्याकडे होता. गावाचं नाव मावशींनी मला सांगितलं होतं. पत्र लिहायला मी दोनदा बसले. ‘तुमच्यात काही नव्हतं’ हे वाक्य झालं की पुढचं वाक्य आपोआप यायचं, आणि ते मला लिहिता यायचं नाही. मी वसतिगृह सोडलं. भाड्याची खोली घेतली.

सहा वर्षांनी मुलाणी निवृत्त झाले. हारतुरे, पेढे, भाषण झालं. सगळे पांगल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. निरोपादाखल मिळालेली शाल काखेत होती.

“मॅडम, एक विचारायचं राहिलंय. त्या वसतिगृहातल्या बाईंना कळवलं का कुणी कधी?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “मीसुद्धा नाही कळवलं.”

पुढच्या रविवारी मी गव्हाणवाडीला गेले.

भावाचं घर रस्त्यालगतच होतं. सोप्यात एका बाजूला हौसामावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांच्यामागे भिंतीच्या कोनाड्यात एक ताटली, एक तांब्या आणि एक पेला वेगळा ठेवला होता. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“पोरी! तू कशी वाट चुकलीस? ये, ये. वयनी, पाव्हनी आलीया बघा. लई हुशार पोर. माझ्या वसतिगृहातली.”

भावजय बाहेर आली, पाणी दिलं, आणि ओळख होताच बोलायला लागली. “बरं झालं आलासा. तुम्ही तरी सांगा वन्संना. सा वर्सं झाली, चुलीपाशी येत न्हाईत. पान्याच्या हंड्याला हात लावत न्हाईत. माझ्या बाळंतपनात सोयरी जेवायला घालाया आली, पर ह्या उंबऱ्याच्या आत आल्या न्हाईत. काय म्हनलं तर म्हनत्यात, माझ्या हातात दोष हाय.”

“गप वं,” मावशी म्हणाल्या. “तिला ठावं हाय समदं.”

भावजय आत गेली. मी मावशींसमोर जमिनीवर बसले.

“मावशी, तुमच्यात काही नव्हतं.”

“काय नव्हतं?”

“टायफॉइडचे जंतू. ते दुसरेच होते, साधे. कुणाच्याही पोटात असतात तसले. तपासणी चुकली होती.”

“कुनाची?”

“माझी. त्यात एक औषध घालायचं असतं, ते मी विसरले.”

त्यांनी हातातली शेंग फोडली नाही, टोपलीत परत टाकली.

“आन् रेवा?”

“पाण्यातून झालं तिला. टाकीजवळ गटार फुटलं होतं. तुमचा काही संबंध नव्हता.”

“माझ्या हातानं न्हाई?”

“नाही.”

रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत मी वाट पाहिली.

“कवा कळलं तुला?”

गाडीत बसल्यापासून मी ह्याच प्रश्नाला भीत होते. उत्तरं दोन-तीन तयार होती. वरून पत्र आलं तेव्हा, हे त्यांतलं सगळ्यात बरं होतं, आणि कागदोपत्री खरंही.

“तुम्ही निघालात त्या दिवशी,” मी म्हणाले. “तीन वाजता.”

“गाडी पाचची व्हती.”

“हो.”

“तू ष्टँडवर आली व्हतीस.”

“हो.”

“मी इचारलं व्हतं तुला. तू म्हनलीस, नक्की सांगता येत न्हाई.”

“हो, मावशी.”

“मंग येत व्हतं की,” त्या म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून उठल्या. रांजणापाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, एकदाच, नीट, आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. आतून भावजयीचा आवाज आला, “वन्सं? काय पायजे?”

“सर जरा.”

परातीत पीठ पडल्याचा आवाज झाला. मग थापण्याचा. मी जिथे बसले होते तिथून चुलीसमोरची त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी भावाला हाक मारली, तो गोठ्यातून आला आणि दारातच थबकला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि ताटात वाढलं. मग भावजयीला वाढलं, आणि स्वतःसाठी घेतलं, आतल्या भांड्यांतल्या ताटात. भावजय डोळे पुसत हसत होती. तिनेच आणखी एक ताट काढलं, बाहेर माझ्याकडे बघत म्हणाली, “पाव्हन्यांना?”

“त्यांना गाडी गाठायचीय,” हौसामावशी म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. भाकरी मोडून तोंडात घातली.

मी चपला घातल्या आणि रस्त्यावर आले. गाडीला अजून दोन तास होते.